पोहू: पाकळ्यांवाचून फुलणारं झुडूप

औषधांच्या दुकानात चेहऱ्याला लावायच्या टोनरच्या बाटलीवर ‘विच हेझेल’ असं छापलेलं असतं. होमिओपॅथीच्या दवाखान्यात तेच झाड ‘हॅमामेलिस’ या नावानं भेटतं. ही बाटली ज्यांच्या घरात आहे, त्यांना एक प्रश्न हमखास पडतो: हे झाड आपल्याकडं उगवतं का?

बाटलीतलं झाड आपलं नाही, ते अमेरिकेचं आहे. पण त्याच कुळातलं एक पांढऱ्या फुलांचं झुडूप काश्मीरच्या डोंगरउतारांवर दर वसंतात बहरतं. त्याच्या काड्यांनी तिथल्या लोकांनी टोपल्या विणल्या, कांगड्या विणल्या, नद्यांवर पूलही बांधले. ज्या माणसाचं नाव शास्त्रज्ञांनी त्याला दिलं, तो अखेर मुंबईत वारला. इतकं सगळं असूनही आपल्याला बाटली ठाऊक असते आणि हे झुडूप नसतं. म्हणून त्याची ओळख करून घेऊ.

1. आधी बाटलीतल्या झाडाविषयी

अमेरिकन विच हेझेल हे उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातल्या जंगलांत वाढणारं झुडूप. तिथले मूळ रहिवासी त्याच्या सालीचा आणि काड्यांचा काढा सुजेवर, खरचटण्यावर लावत. त्यांच्याकडून ते ज्ञान युरोपातून आलेल्या वसाहतवाल्यांनी घेतलं आणि पुढं त्याचा व्यापार झाला. 1846 मध्ये थेरॉन पाँड नावाच्या न्यूयॉर्क राज्यातल्या औषधविक्रेत्यानं विच हेझेलचा अर्क बाजारात आणला. आपल्या आजीच्या कपाटातल्या ‘पाँड्स’ क्रीमचं नाव त्याच्यावरूनच आलं. त्या नावाखाली आधी विकला गेला तो विच हेझेलचा अर्क, क्रीम नंतरचं.

या झुडपाची मोठी नवलाई म्हणजे त्याचा बहर. बाकीची झाडं पानं गाळून थंडीची तयारी करत असताना, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, हे फुलायला लागतं. फितीसारख्या चार लांबट पिवळ्या पाकळ्या असतात, आणि गारठा वाढला की त्या गुंडाळल्या जातात. या चार पाकळ्या लक्षात ठेवा. विच हेझेलच्या काश्मिरी नातेवाइकाची गोष्ट त्या पाकळ्या हरवण्यापासून सुरू होते.

2. भारतात या कुळाचं कोण कोण आहे?

वनस्पतिशास्त्रात नाती सांगायची रीत साधी आहे. एकमेकांत सहज संकर होणाऱ्या सारख्या झाडांची मिळून एक ‘जाती’ होते. जवळच्या जाती मिळून ‘प्रजाती’ आणि अनेक प्रजाती मिळून ‘कुल’. विच हेझेलचं कुल पंचवीस-तीस प्रजातींचं, म्हणजे गवतांच्या किंवा शेंगवर्गीयांच्या कुलांपुढं अगदी लहान.

या लहान कुलातले काही सदस्य भारतात आहेत आणि ते जवळजवळ सगळे पूर्वेकडं राहतात. दार्जिलिंग-सिक्कीमच्या ओल्या जंगलांत ‘पिपली’ नावाचा उंच वृक्ष या कुलातला आहे. मेघालयातही एकदोन नातेवाईक आहेत. पश्चिम हिमालयाच्या वाट्याला मात्र एकच जाती आली. शास्त्रीय नाव पॅरोटिऑप्सिस जॅकमॉन्टियाना. काश्मिरात याला पोह, पोहू, हताब अशी नावं आहेत. आपण पोहू म्हणू.

पोहूच्या प्रजातीत दुसरी जातीच नाही. जगात हे एकटंच. अफगाणिस्तानापासून पाकिस्तानातल्या स्वात-हजाराच्या डोंगरांतून काश्मीरपर्यंत आणि पुढं हिमाचलच्या पश्चिम भागापर्यंत ते आढळतं. साधारण 1200 ते 2800 मीटर उंचीचा पट्टा त्याला मानवतो. देवदार आणि कैल यांच्या सावलीत, नाल्यांच्या काठानं, उतारांवर दाट जाळ्या करून ते वाढतं. श्रीनगरला लागून असलेल्या दाचीगाम राष्ट्रीय उद्यानात अशा जाळ्या मोठ्या प्रमाणावर आहेत. हंगूल, म्हणजे काश्मिरी बारशिंगा, ज्या जंगलात टिकून राहिला ते हेच.

उंची बहुधा दोन पुरुष, फार तर सहा मीटर. बुंध्यापासूनच अनेक फांद्या फुटलेल्या. पानं गोलसर, कडेला दातेरी, शिरा ठळक. भिंगातून पाहिलं तर पानावरचे बारीक केस ताऱ्यासारखे फाकलेले दिसतात आणि ही त्या कुलाची एक खूण आहे. शरद ऋतूत पानं पिवळी होऊन गळतात.

3. पाकळी नसेल, तर पांढरं काय दिसतं?

मार्च ते मे या काळात, जसजसा बर्फ वर सरकतो तसतसं, खालच्या उतारांपासून पोहू फुलत जातं. लांबून पाहणाऱ्याला चार ते सहा पांढऱ्या पाकळ्यांची, मध्ये पिवळा झुबका असलेली, दोन इंच रुंदीची फुलं दिसतात. जवळ जाऊन बघितलं की या दिसण्यातल्या दोन गोष्टी चुकीच्या ठरतात. ते एक फूल नसतं आणि त्याला एकही पाकळी नसते.

हे समजण्यासाठी फुलाची रचना आठवू. सर्वांत बाहेर हिरवी निदलं, ती कळीला झाकतात. त्यांच्या आत रंगीत पाकळ्या, त्या कीटकांना बोलावतात. त्यांच्या आत परागकण बनवणारे पुंकेसर आणि मध्यभागी बीज धरणारा स्त्रीकेसर. फुलाच्या किंवा फुलोऱ्याच्या खाली देठावर कधीकधी एखादं वेगळं पान असतं. त्याला ‘छद’ म्हणतात. बहुतेक झाडांत छद इवलासा, हिरवा, कुणाचं लक्ष न जाणारा असतो.

काही झाडांत मात्र तोच मोठा आणि रंगीत होतो. आपल्या कुंपणावरची बोगनवेल घ्या. ज्याला आपण बोगनवेलीचं गुलाबी फूल म्हणतो, ते तीन रंगीत छद आहेत, आणि खरी फुलं त्यांच्या आतली बारीक, नळीसारखी, पांढुरकी. पोहूतही हेच घडलेलं आहे. मध्यभागी देठ नसलेल्या अनेक छोट्या फुलांचा गुच्छ असतो. प्रत्येक फुलात पाकळ्यांचा पत्ता नाही, फक्त पंधरा-वीस पिवळे पुंकेसर आणि दोन वळणदार टोकांचा स्त्रीकेसर. या साऱ्या गुच्छाभोवती पांढऱ्या छदांचं कडं. छद उलटा करून पाहिला तर बाहेरच्या बाजूला तपकिरी ठिपके दिसतात. कळी मिटलेली असताना हीच बाजू बाहेर होती, गुच्छाला थंडीपासून झाकत होती. म्हणजे जे आवरण होतं तेच पुढं उघडून जाहिरात झालं. एकाच अवयवाकडून झाडानं दोन कामं करून घेतली, हे मला या झुडपातलं सर्वांत सुंदर वाटतं.

4. पाकळ्या गेल्या कुठं? तीन बहिणींची गोष्ट

मग विच हेझेलला असलेल्या चार पाकळ्या पोहूच्या वाट्याला का नाहीत? याचं उत्तर वाऱ्यात आहे.

परागकण एका फुलातून दुसऱ्या फुलात न्यायचे दोन मोठे मार्ग: कीटक आणि वारा. कीटकांना बोलवायला रंग, वास, मध लागतो. वाऱ्याला यातलं काहीच लागत नाही. वाऱ्यासाठी पाकळी ही उलट आडकाठी, कारण ती पुंकेसरांभोवती भिंत उभी करते. ज्या झाडांचे पूर्वज वाऱ्यावर विसंबू लागले, त्यांच्या वंशात पाकळ्या लहान होत गेल्या आणि पुष्कळदा नाहीशाच झाल्या. विच हेझेलच्या कुलातल्या एका शाखेत असंच झालं. पोहू त्या शाखेतलं.

त्या शाखेतल्या तीन प्रजाती शेजारी ठेवून पाहिल्या की गंमत कळते.

पहिली पॅरोशिया. इराणच्या उत्तरेला, कॅस्पियन समुद्राकाठच्या हिर्केनियन जंगलांत ती वाढते. 2019 मध्ये युनेस्कोनं या जंगलांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. पॅरोशिया पानं येण्याआधीच, हिवाळा सरता सरता फुलते. पाकळ्या नाहीत, नुसते लालभडक पुंकेसर लोंबतात. ती वाऱ्याच्याच वाटेनं गेली.

दुसरी फोदरगिला, अमेरिकेच्या आग्नेय भागातली. हिची मोठी जाती अ‍ॅपलेशियन डोंगरांत, नॉर्थ कॅरोलायना-टेनेसीच्या बाजूला वाढते. हिलाही पाकळ्या नाहीत, पण ती पुन्हा कीटकांकडं वळली. पाकळ्या परत आल्या नाहीत. पुंकेसरांचे दांडे मात्र जाड आणि पांढरेशुभ्र झाले आणि बाटली धुवायच्या ब्रशसारखा त्यांचा सुवासिक झुबका तयार झाला.

तिसरी आपली पोहू. तिलाही कीटक हवे होते. तिनं पुंकेसर तसेच ठेवले आणि छद पांढरे केले.

उत्क्रांतीत एकदा गमावलेला अवयव जसाच्या तसा क्वचितच परत मिळतो. गरज पुन्हा उभी राहिली, की हाताशी जे उरलेलं असेल त्यातूनच सोय होते. एकीनं पुंकेसर वापरले, दुसरीनं छद. अर्थात ‘ठरवलं’, ‘वापरलं’ ही आपली बोलायची पद्धत. प्रत्यक्षात ज्या झुडपांचे छद थोडे अधिक फिके, अधिक मोठे होते, त्यांच्याकडं कीटक अधिक आले, त्यांना बिया अधिक धरल्या आणि अनेक पिढ्यांत तो गुण पक्का झाला.

5. इराण, काश्मीर, चीन, अमेरिका: नातेवाईक इतके पांगले कसे?

पॅरोशियाची आणखी एक जाती पूर्व चीनमध्ये आहे. म्हणजे एका घरातली माणसं इराण, काश्मीर, चीन आणि अमेरिकेत, आणि मधल्या हजारो किलोमीटरमध्ये कुणीच नाही. बी वाऱ्यानं इतक्या लांब गेली असेल का? या शाखेतल्या झाडांची बी जड असते, ती काही मीटरपलीकडं स्वतःच्या बळावर जात नाही.

उत्तर पृथ्वीच्या जुन्या हवामानात आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी उत्तर गोलार्ध आजच्यापेक्षा बराच उबदार होता आणि पानगळीच्या जंगलांचा मोठा पट्टा युरोप, आशिया, उत्तर अमेरिका असा पसरलेला होता. या शाखेतली झाडं त्या पट्ट्यात ठिकठिकाणी होती. पॅरोशियाच्या पानांचे जीवाश्म आज जिथं ती अजिबात वाढत नाही अशा युरोपातही सापडले आहेत. पुढं पृथ्वी थंड आणि कोरडी होत गेली. मध्य आशियात गवताळ प्रदेश आणि वाळवंटं झाली. हिमयुगांत युरोपातल्या झाडांना दक्षिणेकडं सरकायला आल्प्स आडवे आले. पट्टा तुटला आणि जिथं ओल व थंडी यांचा मेळ टिकला, अशा कोपऱ्यांत तेवढे तुकडे उरले. कॅस्पियनचा काठ हा असा एक कोपरा, पश्चिम हिमालय दुसरा.

पोहू पूर्वेकडं सिक्कीमपर्यंत का गेलं नाही, याचा अंदाजही हवामानावरून बांधता येतो. काश्मीर खोऱ्याच्या दक्षिणेला पीर पंजालची रांग उभी असल्यानं मोसमी पाऊस तिथं थोडाच पोचतो. तिथलं पाणी मुख्यतः हिवाळ्यातल्या बर्फाचं, भूमध्य समुद्राच्या बाजूनं येणाऱ्या वादळांनी आणलेलं. उन्हाळा तुलनेनं कोरडा. पूर्व हिमालयाचं उलट आहे; तिथं उन्हाळा म्हणजे धो धो पाऊस. पोहूची राहणी इराणकडच्या बहिणीला जवळची आहे, दार्जिलिंगच्या पिपलीला नाही.

6. बी उडवायची युक्ती

फुलांनंतर पोहूला लहान, कठीण, लाकडी बोंडं धरतात. प्रत्येक बोंडात दोन कप्पे, प्रत्येक कप्प्यात एक गुळगुळीत चकचकीत बी. शरद ऋतूत बोंड वाळून वरून उकलतं. बोंडाचा आतला थर वाळताना आकसतो आणि बीला दोन्ही बाजूंनी दाबू लागतो. सीताफळ खाताना ओली बी चिमटीत दाबली की सटकन उडते, तसंच इथं होतं. दाब वाढत जातो, बी गुळगुळीत असल्यानं तिला धरून ठेवणारं काही नसतं आणि एका क्षणी ती बाहेर फेकली जाते. विच हेझेलच्या कुलातल्या अनेक झुडपांची हीच रीत आहे.

यात झाडाचा फायदा सरळ आहे. बी आईच्या मुळाशी पडली तर सावलीत, आईशीच पाण्यासाठी झगडत रुजायचं. थोडी लांब पडली तर संधी बरी. पण अशा रीतीनं जंगल हळूहळूच पसरतं. एखाद्या उतारावरून पोहू पूर्ण नाहीसं झालं, तर दूरच्या दरीतून ते लवकर परत येईल अशी आशा ठेवता येत नाही.

7. काडी जी वाकते, तुटत नाही

आता माणसांकडं येऊ. पोहूचं लाकूड कठीण आणि घट्ट दाण्याचं असतं. त्याच्या चालायच्या काठ्या, तंबूच्या मेखा, अवजारांचे दांडे करतात. पण खरी कीर्ती कोवळ्या काड्यांची. त्या चिवट आणि लवचिक असतात.

कठीण लाकडाच्या झाडाची काडी लवचिक कशी? लाकूड हे लांब, नळीसारख्या पेशींचं बनलेलं असतं. त्या पेशींच्या भिंतीत दोन मुख्य पदार्थ: ताण सोसणारे सेल्युलोजचे धागे आणि त्यांना एकत्र धरणारं लिग्निन. काडी ओली असली की पाणी या भिंतींत शिरतं, बांधणी थोडी सैल होते आणि पेशी एकमेकींजवळून जराशा सरकू शकतात. काडी वाकते, पण धागे तुटत नाहीत. वाळली की ती ज्या आकारात वाकवली त्याच आकारात घट्ट बसते. बारीक, एकाच वर्षात सरळ वाढलेल्या, गाठी नसलेल्या फुटव्यात हे धागे अखंड असतात. म्हणून विणकर जाड फांदीपेक्षा बुंध्याशी आलेले नवे फुटवे पसंत करतो.

काश्मिरी माणूस हिवाळ्यात फेरनच्या, म्हणजे ढगळ झग्याच्या, आत जी कांगडी घेऊन बसतो, ती या काड्यांच्या विणकामाची ओळखीची वस्तू. आत मातीचं भांडं, त्यात निखारे, आणि बाहेरून काड्यांचं विणलेलं कवच. चरार-ए-शरीफ आणि बांदीपोराच्या कांगड्या नावाजलेल्या. कांगडीला अनेक झुडपांच्या काड्या चालतात, पोहू त्यांतली एक. विणीमुळं भांडं आणि हात यांच्यात हवेचा थर राहतो आणि ऊब मिळते पण चटका बसत नाही. कारागीर साल काढून काही काड्या रंगवतात आणि साध्या-रंगीत काड्यांची नक्षी गुंफतात.

त्याहून मोठं काम पुलांचं. एकोणिसाव्या शतकातल्या वनाधिकाऱ्यांनी नोंदवून ठेवलं आहे, की डोंगरी नद्यांवरचे झुलते पूल ज्या जाड दोरखंडांवर उभे असत, ते या झुडपाच्या काड्या पिळून केलेले असत. अशा झुल्यात एक दोर पायाखाली आणि दोन हातांशी, मध्ये आधाराला आडवे बंध. काडी जेमतेम माणसाएवढी लांब, दोर नदीएवढा लांब. हे जमतं ते घर्षणामुळं. एक काडी संपायच्या आधीच दुसरी तिच्याशेजारी पिळात घालतात. दोराला ताण आला की पीळ आवळला जातो आणि काड्या एकमेकींना अधिकच घट्ट धरतात. म्हणजे भार जितका जास्त, तितकी पकड पक्की. काडी मात्र ऊन-पावसात कुजते, म्हणून असे दोर ठरावीक काळानं बदलावे लागत, आणि त्यासाठी गावाजवळ पोहूच्या जाळ्या राखाव्या लागत. लोखंडी तारांचे पूल आले आणि ते काम संपलं.

8. ज्याचं नाव दिलं तो माणूस

व्हिक्तोर जाकमाँ हा पॅरिसचा तरुण निसर्गशास्त्रज्ञ. जन्म 1801. पॅरिसच्या राजउद्यानानं, म्हणजे तिथल्या निसर्ग-इतिहास संग्रहालयानं, त्याला वनस्पती, प्राणी, खडक गोळा करायला हिंदुस्थानात पाठवलं. 1829 मध्ये तो कलकत्त्यात उतरला. पुढच्या वर्षी हिमालयात शिरला, 1831 मध्ये लाहोरला महाराजा रणजितसिंहांना भेटला आणि त्यांच्या परवानगीनं काश्मिरात गेला. काश्मीर तेव्हा शीख राज्यात होतं. रणजितसिंहांनी आपल्याला काश्मीरचा कारभार देऊ केला होता, असं त्यानं पत्रांत लिहिलं आहे.

1832 मध्ये तो राजपुताना, माळवा करत दख्खनमध्ये आला आणि पावसाळ्यात पुण्यात राहिला. तिथून मुंबईकडं निघाला. साष्टीच्या रानात हिंडताना आजारानं गाठलं, असं त्याचं स्वतःचं मत होतं. 7 डिसेंबर 1832 रोजी, एकतिसाव्या वर्षी, तो मुंबईत वारला. मुंबईतच त्याचं दफन झालं. जवळपास अर्ध्या शतकानं, 1881 मध्ये, त्याच्या अस्थी पॅरिसला नेण्यात आल्या.

त्यानं जमवलेले नमुने मात्र आधीच पोचले होते. 1835 ते 1844 या काळात त्याच्या प्रवासाचे खंड प्रसिद्ध झाले आणि वनस्पतींच्या भागात जोसेफ दकेन यानं या झुडपाचं वर्णन करून त्याला जाकमाँचं नाव दिलं. दकेननं ते पॅरोशियात घातलं होतं. त्याआधी ह्यू फॉकनर यानं फोदरगिलात. दोघांनी निवडलेल्या प्रजाती म्हणजे वर सांगितलेल्या दोन बहिणीच, तेव्हा दोघांचीही नजर योग्य घराकडं होती. छदांचं कडं मात्र दोघींतही नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पोहूला स्वतःची प्रजाती मिळाली. जाकमाँचं नाव हिमालयातल्या एका भूर्जालाही आहे आणि तिथल्या जंगली हेझेललाही.

9. पाहायला गेलात तर

एप्रिल-मेमध्ये महाराष्ट्रातून हजारो कुटुंबं काश्मीरला जातात. नेमका तोच पोहूचा बहर. पहलगामच्या वाटेवर किंवा दाचीगामला पांढरी फुलं दिसली तर ओळख अशी पटवा.

पांढरं सगळं पोहू नसतं. सफरचंद, नासपती यांचीही फुलं पांढरी असतात, पण त्यांना बरोबर पाच खऱ्या पाकळ्या, आणि पाकळ्यांच्या खाली पाच हिरवी निदलं. पोहूच्या पांढऱ्या कड्याखाली हिरवं काही नसतं. हिमाचलाकडं गेलात तर तिथल्या रानातल्या डॉगवूडनं फसगत होऊ शकते, कारण त्यालाही फिकट पिवळसर छद असतात. त्यावेळी पानं पाहा. डॉगवूडची पानं फांदीवर समोरासमोर जोडीनं येतात, कडा सपाट, आणि शिरा कडेच्या बाजूनं टोकाकडं वळतात. पोहूची पानं एकाआड एक, गोलसर, दातेरी, शिरा सरळ कडेपर्यंत जाणाऱ्या. जंगली हेझेलचं पान जवळजवळ असंच असतं, पण त्याचा मोहर म्हणजे लोंबणाऱ्या शेपट्या, आणि पांढरं कडं त्याला कधीच नसतं.

एक गुच्छ हातात घेतला (तोडायची गरज नाही, फांदी खाली वाकते) तर मधली फुलं वेगवेगळी मोजता येतात. प्रत्येक फुलात दोन बारीक टोकं शोधा. त्यांच्याच खाली पुढं दोन कप्प्यांचं बोंड धरतं. मागच्या वर्षीची रिकामी, उकललेली बोंडं बहुधा त्याच फांदीवर खालच्या बाजूला अजून चिकटलेली असतात. आणि बाजारात कांगडी घेतलीत तर विणकराला काड्या कुठल्या झुडपाच्या आहेत ते विचारा. पोह, कट्स, विलो अशी नावं तो लगेच सांगेल, आणि कुठली काडी कडेला आणि कुठली मुठीला, हेही.